जिमसाठी इअरबड घेताय? या चुका टाळा

माझे आत्तापर्यंत तीन इअरबड जिममध्ये गेले. गेले म्हणजे चोरीला नाही, वारले. आणि तिन्ही वेळा मी ते दुकानात एका जागी उभं राहून, मान पण न हलवता, दोन गाणी ऐकून "वा काय बेस आहे" म्हणून घेतले होते. तिथंच चुकलं. घरी सोफ्यावर बसून ऐकायचे असतील तर आवाज बघून घ्या ना, पण जिमसाठी आधी तो कानात राहतो का ते बघा, मग घाम सोसतो का ते बघा, आवाजाचं नंतर बघू.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे बॉक्समधल्या जास्तीच्या टिप्सची, म्हणजे बडच्या तोंडावर बसणाऱ्या मऊ टोप्यांची, पिशवी न उघडणं. कंपनी मीडियम लावून देते, आपण तेच घालून मोकळे, बाकीच्या टिप्स ड्रॉवरमध्ये पडून राहतात. आणि दोन्ही कान सारखे असतात हे कुणी सांगितलं? माझ्या डाव्या कानाला स्मॉल लागते आणि उजव्याला मीडियम, हे कळायला मला दोन वर्षं लागली, तोपर्यंत मी डाव्या बडला शिव्या घालत होतो की हाच सारखा पडतो. एक सोपी टेस्ट आहे. बेसवालं गाणं लावा आणि बड बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर एकदम ढुम्म ढुम्म वाढलं तर समजा टिप नीट बसलेली नाही, फटीतून सगळा बेस बाहेर चाललाय. "या इअरबडला बेसच नाही" म्हणणाऱ्यांची बहुतेक वेळा हीच गोष्ट असते, इक्वलायझर वर-खाली करून काही होत नाही. घालायची पण पद्धत आहे, दुसऱ्या हाताने कान थोडा वर आणि मागे ओढा, बड आत सरकवून जरा फिरवा, कान सोडा. मग तोंड उघडून आ करा, काहीतरी चावल्यासारखं करा. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो, त्यामुळे शांत बसल्यावर फिट वाटणारा बड सेट मारताना दात आवळले की सटकतो. हे सगळं घरी पहिल्या दिवशीच करा, रिटर्नची मुदत संपायच्या आत, खाली वाकून, उड्या मारून, घरचे हसले तर हसू दे.

फोमच्या टिप्स लोक सुचवतात. फिटिंगला भारी असतात, मान्य, पण फोम घाम पितो आणि काही महिन्यांत चपटा होतो, म्हणून जिमला सिलिकॉनच बरं, धुता तरी येतं. ज्यांच्या कानात काहीच टिकत नाही त्यांनी कानावरून जाणारा हुकवाला प्रकार घ्यावा, दिसायला कसा का असेना. फक्त बेंचवर कुशीवर झोपून स्ट्रेचिंग करत असाल तर हुक नाहीतर लांब दांडीवाला बड टोचतो, ते लक्षात ठेवा.

आता वॉटरप्रूफचं. बॉक्सवर आयपीएक्स४, आयपीएक्स५, आयपीएक्स७ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं आकडा मोठा म्हणजे सगळंच चालतं. तसं नाहीये. ४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे, ५ म्हणजे पाण्याची धार, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवून ठेवलेलं. गंमत म्हणजे ७ मिळालं म्हणून धारेची टेस्ट आपोआप पास झाली असं होत नाही, ती वेगळी असते. तो एक्स पण शून्य नाही, धुळीची टेस्ट केलेली नाही इतकाच त्याचा अर्थ. आणि या सगळ्या टेस्ट साध्या पाण्यात होतात, घामात मीठ असतं. जिमला ४ पुरतं, फार घाम येणाऱ्यांनी ५ बघा, पण रेटिंग आहे म्हणून नळाखाली धरू नका, आतले सील वापरून वापरून ढिले पडतात.

माझा पहिला बड याच्यातच गेला आणि घामाने नाही, माझ्या आळसाने. वर्कआउट झाला की ओले बड तसेच चार्जिंगच्या डबीत टाकायचो. डबीला बहुतेक वेळा कसलंच रेटिंग नसतं, आणि ओल्या पिनांवर चार्जिंगचा करंट आला की त्या गंजतात. आधी एक बाजू चार्ज होईना, मग दोन्ही. पुसा, पाच-दहा मिनिटं उघड्यावर ठेवा, मग डबीत. एवढंच. चार्ज होत नसेल तर आधी त्या पिना कोरड्या कापडाने पुसून बघा, काही वेळा तेवढ्यावर भागतं.

कॉलचं एक सांगतो कारण यावरून लोक फार चिडतात. गाणं मस्त वाजत असतं, कॉल आला की आवाज एकदम विहिरीतून आल्यासारखा. बड खराब नाहीये. गाण्यासाठी ब्लूटूथचा एक मोड असतो, त्यात आवाज फक्त फोनकडून कानाकडे येतो, माइक चालू झाला की दोन्हीकडून आवाज न्यायला दुसरा मोड लागतो आणि तिथे क्वालिटी बरीच खाली येते. महागड्यात पण होतं हे. गेम खेळताना आवाज अचानक पडला तर ॲपने माइक उघडलाय का बघा. आणि समोरच्याला आपण कसे ऐकू येतो ते आपल्याला कळत नाहीच, म्हणून जिमच्या गोंगाटातच एक व्हॉइस नोट रेकॉर्ड करून ऐका. कोडेक म्हणजे ब्लूटूथवरून पाठवायला आवाज लहान करायची पद्धत, एलडीएसी आणि एएसी ही अशाच पद्धतींची नावं. आयफोनवाल्याने एलडीएसी लिहिलंय म्हणून जास्त पैसे घालू नयेत, आयफोनवर तो चालतच नाही, तिथे एएसी.

आवाज तुटत असेल तर फोनचा खिसा बदला. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि ते सिग्नल पाणी शोषून घेतं, आपलं शरीर म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच, त्यामुळे मागच्या खिशातला फोन अडतो. माझं मात्र वेगळंच निघालं, बॅगेतला लॅपटॉप पण जोडलेला होता आणि त्याचं नोटिफिकेशन आलं की गाणं बंद. दुसरा बड मी याच भानगडीत वैतागून आपटला, तो काही परत बोलला नाही.

टच कंट्रोलपेक्षा दाबायचं बटण घ्या. ओलं बोट किंवा टॉवेल लागला की टच स्वतःच कॉल कट करतो. नॉइज कॅन्सलिंग ट्रेडमिलची घरघर कमी करतं, प्लेट आपटल्याचा आवाज नाही, आणि रस्त्यावर पळताना ते बंदच ठेवा. वायरवाले घेत असाल तर वायर कानामागून घ्या आणि क्लिप लावा, नाहीतर पळताना शर्टाला घासून खरखर ऐकू येते. व्हॉल्यूमचं एकच, डब्ल्यूएचओच्या हिशोबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं आणि दर ३ डेसिबल वाढले की तो वेळ निम्मा होतो, जिमच्या स्पीकरशी शर्यत लावू नका.

एका बाजूचा आवाज कमी झाला तर लगेच नवा शोधू नका. टिप काढा, बडची आवाज येतो ती जाळी खाली धरा आणि कोरड्या मऊ ब्रशने झाडा, पिन खुपसायची नाही, फुंकर पण नाही, ओल आत जाते. मग फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये आवाजाचा बॅलन्स मधोमध आहे का बघा. तरी नाही तर फोनमधून काढून परत पेअर करा. हे मला माहीत नव्हतं तेव्हा तिसरा बड मेला म्हणून मी भावाला दिला. त्याने जाळीतला मळ काढला, अजून वापरतोय.