खाडीत कयाक न्यायचीय? मग तयारी तिथीपासून सुरू करा

रेवदंड्याला कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी होडी) घेऊन जायचं ठरलं की घरात आधी बॅगा निघतात, मी मात्र आधी कालनिर्णय बघतो. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची साधारण वेळ मिळते, कोळीवाड्यात हा हिशोब तोंडपाठ असतो. म्हणजे एकादशीला अकरा गुणिले पाऊण, सव्वाआठ. सकाळी सव्वाआठ आणि परत रात्री साधारण तेव्हाच. मग भरतीचं टाइमटेबल उघडून पक्की वेळ बघून घ्यायची, कारण हा नुसता अंदाज आहे.

अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस भांगाचे, पाण्याला ओढ कमी, नवीन माणसाला तेच बरे. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण नको म्हणजे नकोच, तेव्हा भरती मोठी तशी ओहोटीही मोठी. आम्ही एकदा अमावस्येला गेलो होतो, संध्याकाळी पाचला परत आलो तर धक्क्यापाशी पाणीच नाही, मांडीपर्यंत चिखल, सोबत दहा वर्षांचा भाचा. त्याला खांद्यावर घेऊन वीस-पंचवीस पावलं काढायला अर्धा तास लागला आणि तो रडतसुद्धा नव्हता, गप्प झाला होता, ते अजून आठवतं. तेव्हापासून ओहोटी किती वाजता हे कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवतो.

आता वारा. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा, जमिनीकडून येतो, पाणी शांत दिसतं पण तो तुम्हाला समुद्राकडे ढकलतो, म्हणून खाडीच्या तोंडाशी जायचंच नाही, भरतीबरोबर आत जायचं आणि ओहोटी लागली की तिच्याबरोबर सावकाश परत. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो, आणि बाहेर पडणारी ओहोटी समोरून येणाऱ्या वाऱ्याला भिडली की तोंडाशी उभ्या लाटा उठतात, छोटी होडी तिथे टिकत नाही. अकराच्या आत किनाऱ्यावर. आदल्या रात्री हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघा, हिवाळा आहे म्हणून गाफील राहू नका, ओखी चक्रीवादळ डिसेंबरातच आलं होतं, २०१७ ला. आणि पावसाळ्यात तर जायचंच नाही, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीच बंद असते.

एवढं झालं की निघायची वेळ आपोआप ठरते. सातला पाण्यात उतरायचं तर दादरहून साडेतीनला, अटल सेतूवरून पेण, अलिबाग, रेवदंडा. भाऊच्या धक्क्याची रो-रो (गाडीसकट नेणारी बोट) मस्त आहे पण एवढ्या पहाटे नसते, येताना बघू. टपावर कयाक उलटी ठेवून दोन पट्टे आडवे, एक दोर पुढच्या टोकाला बंपरखाली, आणि पट्ट्याला एक पीळ द्या नाहीतर वाऱ्याने रस्ताभर घूंऽऽ वाजत राहतो. सेतू जवळपास बावीस किलोमीटर, वर आडवा वारा, सत्तरच्या वर जाऊ नका, आणि सेतूवर थांबता येत नाही म्हणून पट्टे चढायच्या आधीच परत ओढून बघा.

सामान फार नाही. लाइफजॅकेट प्रत्येकाला, मापाचं, आणि ते अंगावर, डिकीत नाही. जॅकेटला शिट्टी. एक जादा वल्हं, पाणी उपसायला कापलेला कॅन, पंधरा मीटर दोर, ड्रायबॅगमध्ये (पाणी न शिरणारी पिशवी) फोन आणि गाडीची किल्ली, माणशी दोन लिटर पाणी, टोपी, फुल बाह्यांचा टीशर्ट. कोस्ट गार्डचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ सेव्ह करा. घरच्या एकाला परतायची वेळ सांगा आणि अकराला फोन आला नाही तर काय करायचं तेही सांगा.

आणि धक्क्यावर पोचलात की लगेच होडी उतरवू नका, जाळी निवडत बसलेल्या एखाद्या काकांना विचारा, "काका, आज पाणी कसंय? खडक कुठे आहेत, जाळी कुठे टाकलीत?" ते नको म्हणाले तर नाही उतरायचं, तीन तास गाडी चालवून आलो असलो तरी. मग कोर्लईचा किल्ला चढायचा आणि जेवून परत.

घरी आल्यावर कयाक, पट्टे, कॅरिअर सगळं गोड्या पाण्याने धुवा त्याच दिवशी, पट्ट्यांची बकलं मिठाने एका आठवड्यात धरतात.