माजी सैनिकांनी टपाल सहायकाचा अर्ज भरताना

टपाल सहायक आणि वर्गीकरण सहायक ही पदे आता कर्मचारी निवड आयोगाच्या (एसएससी) सीजीएल या पदवीस्तरीय परीक्षेतून भरली जातात. पदवी लागते म्हणून अनेक जण इथेच थांबतात. पण दहावी पास आणि सैन्यात 15 वर्षे सेवा झाली असेल, तर गट क मधल्या अशा पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीचे धरले जाते.

वयाचा हिशेब नीट मांडा. वय 40, सेवा 17 वर्षे. वजा करून उरली 23. पदाची मर्यादा 27, त्यावर आणखी 3 वर्षांची सूट. म्हणजे अजून बराच वाव आहे. गट क मध्ये 10 टक्के जागा राखीव असतात आणि परीक्षा शुल्क माफ. सेवा संपायला वर्षापेक्षा कमी काळ उरला असेल, तर गणवेशात असतानाही अर्ज भरता येतो.

खरी गोची पुढे आहे. माजी सैनिक कोट्यातून एकदा गट क ची नोकरी धरली की पुढच्या नोकरीसाठी आरक्षणाचा हक्क संपतो. समजा पोस्टमन म्हणून रुजू होताय आणि सहायकाचा अर्ज आधीच भरलाय. आधी भरलेल्या अर्जापुरता हा हक्क टिकतो, पण त्यासाठी रुजू होताच कार्यालयाला लेखी स्वयंघोषणा द्या: कोणत्या पदासाठी, कोणत्या तारखेला अर्ज केला, सगळे तारीखवार. पोच घ्याच. तोंडी सांगितलेले फाइलीत लागत नाही. रुजू झाल्यानंतर भरलेल्या अर्जांना ही सवलत नाही, म्हणून अर्ज आधी, रुजू नंतर.