टिलरच्या होडीवर उपकरणं बसवताय? या चुका टाळा

शिडाची होडी वळवायला चाक असतं, नाहीतर टिलर, म्हणजे सुकाणूला जोडलेला हाती धरायचा दांडा. चाकाच्या होडीला चाकापुढे खांब असतो. उपकरणांचे पडदे (स्क्रीन) त्यावर बसवले की झालं. वीस-बावीस फुटी टिलरच्या होडीत तो खांबच नसतो. शिवाय टिलर धरणारा एका जागी बसत नाही, शीड पलटलं की तोही उठून पलीकडे जातो. म्हणून केबिनच्या मागच्या भिंतीवर कोपऱ्यात लावलेला खोलीमापक बंदरात झकास दिसतो, आणि समुद्रात गेल्यावर दिसते ती पुढे बसलेल्या भिडूची पाठ. पडद्याच्या मापाचे पुठ्ठे कापा, चिकटपट्टीने लावा, दोन्ही बाजूंनी शीड घेऊन एक फेरी मारा. भोकं त्यानंतर. आणि डेकच्या पोटात बाल्सा हे हलकं लाकूड असेल तर भोक मोठं पाडून इपॉक्सीने भरा, मग त्यातच बारीक भोक घ्या. नाहीतर आत पाणी मुरून लाकूड कुजतं.

सगळ्यात जास्त घोळ टिलर-पायलटचा, म्हणजे टिलर आपोआप ढकलून होडी दिशेवर ठेवणाऱ्या यंत्राचा. अनेक लहान मॉडेल्सना टिलरवरची खुंटी सुकाणूच्या आसापासून 460 मिमीवर लागते. जागा अडते म्हणून ती आसाकडे सरकवली, तर तेवढ्याच ढकलीत सुकाणू जास्त वळतं आणि होडी नागमोडी जाऊ लागते. टिलर मधोमध असताना पायलटचा दांडा त्याच्याशी काटकोनात हवा.

पायलटच्या पोटात होकायंत्र असतं, हे आम्ही विसरलो होतो. गेटवेहून मांडव्याला जाताना पायलट सारखा एकीकडे ओढत होता. मॅन्युअल उघडलं, खुंटी मोजली, वायर हलवून पाहिल्या. शेवटी बाकाखालच्या कप्प्यातून गाण्यांचा स्पीकर बाहेर काढला, तर काही क्षणांत होडी सरळ. स्पीकरमधला चुंबक बरोबर पायलटच्या खाली पडला होता!

पायलट मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर बिचाऱ्याला दोष देण्याआधी वायर बघा. बॅटरी पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर धरायचे. 1 चौ. मिमीच्या वायरमध्ये 3 अँपिअरला साधारण अर्धा व्होल्ट तिथेच जातो, 2.5 चौ. मिमी घेतली तर 0.2. मीटर लावायचा तो पायलटच्या सॉकेटवर, आणि मोटर जोर लावत असताना. नुसत्या उभ्या होडीत आकडा नेहमीच छान येतो. घरातली उरलेली वायर वापरू नका. कथिलाचा मुलामा असलेलं तांबंच घ्या. खाऱ्या हवेत साधं तांबं आतून काळं पडतं.

उपकरणांना एकमेकांशी जोडणारं एनएमईए 2000 चं जाळं गप्प असेल तर वीज बंद करून त्याच्या दोन डेटा तारांमधला रोध मोजा. 60 ओहम आला तर दोन्ही टोकांचे टर्मिनेटर, म्हणजे तिथे लावायचे रोधक, जागेवर आहेत. 120 आला तर एक राहिलाय.

खोलीमापकाचा सेन्सर तळाच्या आतून चिकटवायचा असेल तर तिथे सलग फायबर लागतं. मध्ये फोम किंवा बाल्सा असेल तर आवाजाची लहर पार जात नाही. चिकटवण्याआधी पाण्याची पातळ पिशवी मध्ये धरून चाचणी घ्या. आणि आकडा पृष्ठभागापासून आहे, सेन्सरपासून की कीलखालून (होडीच्या तळाखालच्या पात्याखालून), हे आधी ठरवा. आमच्या होडीवर एक जण ‘दीड मीटर’ म्हणजे कीलखाली समजला, दुसरा पृष्ठभागापासून, आणि ओहोटीला आम्ही चिखलात. त्यानंतर नांगरावर उभं राहून शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडली, तिच्या मापातून पृष्ठभागापासून कीलच्या टोकापर्यंतचं अंतर वजा केलं, पडद्यावरचा आकडा त्याच्याशी जुळवला आणि पडद्याशेजारी मार्करने लिहून टाकलं: ‘कीलखाली’.