मनातल्या गोष्टीची कादंबरी करताना

मनात पूर्ण झालेली गोष्ट कागदावर अडखळते, याचे कारण बहुतेक वेळा भाषेची उणीव नसते. कल्पना करताना आपण मधला काळ सहज ओलांडून जातो आणि कादंबरीला नेमका तोच काळ हवा असतो. समजा, एका कारकुनाला वरिष्ठाने लिहिलेला खोटा हिशेब दिसतो, तो गप्प राहतो आणि अनेक वर्षांनी न्यायालयात सारे सांगून टाकतो. ही दोन्ही दृश्ये लेखकाला लख्ख दिसत असतात. परंतु तो इतकी वर्षे गप्प का राहिला, त्या मौनाची झळ घरात कोणाला लागली आणि अखेर तो कशामुळे बोलता झाला, हे उमगत नाही तोवर हाती एखाद्या कथेपुरताच ऐवज असतो.

म्हणून सुचलेले प्रत्येक दृश्य एकेका ओळीत लिहून काढावे आणि लगतच्या दोन ओळींमध्ये ‘त्यामुळे’ किंवा ‘तरीही’ हा शब्द बसतो का, ते पाहावे. जिथे केवळ ‘त्यानंतर’ बसतो, तिथला दुवा निखळलेला असतो. तो योगायोगाने किंवा अपघाताने सांधण्याचा मोह होतो. त्याऐवजी त्या क्षणी पात्राला काय हवे आहे आणि कशाची भीती वाटते आहे, याचा शोध घ्यावा. माझ्या मते कादंबरीची खरी मेहनत इथेच आहे, आणि इथे गेलेले आठवडे वाया गेले असे कोणीही मानू नये.

पुढचा प्रश्न निवेदकाचा. कारकून स्वतः सांगू लागला, तर त्याच्या माघारी घडलेले काहीही थेट दाखवता येत नाही, पण त्याने स्वतःची घातलेली समजूत वाचकाला आतून कळते; तृतीयपुरुषी निवेदनात त्याच्या पत्नीच्या मनातही शिरता येते. रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्की यांनी ‘गुन्हा आणि शिक्षा’ ही कादंबरी आधी नायकाच्या कबुलीजबाबाच्या रूपात लिहायला घेतली होती; १८६५च्या नोव्हेंबरअखेरीस बराच मजकूर तयार असतानाही तो जाळून त्यांनी नव्या आराखड्याने सुरुवात केली आणि पुढे ती तृतीयपुरुषी निवेदनात सिद्ध झाली. इतक्या उशिरा ही वेळ येऊ नये, यासाठी एकच कळीचा प्रसंग आरंभीच दोन्ही पद्धतींनी लिहून पाहावा.

पहिला खर्डा मागे न वळता शेवटापर्यंत न्यावा. विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्काराच्या नियमांत ४०,००० शब्दांपासून पुढे कादंबरी धरली जाते. रोज ५०० शब्द लिहिले, तर तेवढा मजकूर ८० बैठकांत होतो. मध्येच एखाद्या पात्राचा स्वभाव बदलावासा वाटला, तर तशी नोंद वहीत करावी आणि बदल झालाच आहे असे धरून पुढे लिहावे. पात्रांची वये आणि प्रसंगांच्या तारखा यांचा तक्ता जवळ ठेवावा.

खर्डा काही आठवडे बाजूला ठेवून मग सलग वाचावा. या वाचनात शब्द दुरुस्त करू नयेत. लक्ष उडाले त्या जागांवर केवळ खूण करावी. अनेकदा सर्वांत आधी सुचलेले, सर्वांत लाडके दृश्यच कथानकाला अडवत असते. ते वगळूनही पुढचे प्रकरण नीट समजत असेल, तर ते काढावे. त्यानंतरच हस्तलिखित एखाद्या विश्वासू वाचकाकडे द्यावे आणि ‘आवडले का?’ असे न विचारता, वाचन कुठे थांबवावेसे वाटले आणि तिथे पुढे काय घडेल असे वाटले होते, एवढेच विचारावे.