मारुती जिप्सीला पुढचा बंपर घरीच बनवायचाय? मग आधी हे वाचा

सगळ्यात आधी कायद्याचं सांगतो म्हणजे नंतर कोणी माझ्यावर डाफरायला नको. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बारवर (गाडीच्या पुढे लावतात ते लोखंडी संरक्षक बार) कारवाई करायला सांगितलंय, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ (गाडीत परस्पर बदल करायला मनाई) आहेच वर. त्यामुळे हा बंपर फक्त खाजगी जागेतल्या ऑफरोडिंगसाठी, रोडवर स्टॉकच, म्हणजे कंपनीने दिलेला. म्हणून डिझाइन असं करायचं की स्टॉक बंपर ज्या भोकांवर बसतो त्याच भोकांवर आपलाही बसेल आणि चार पाने फिरवले की निघेल. चॅसिसला वेल्डिंग करायचं नाही म्हणजे नाही, कितीही भारी वेल्डर ओळखीचा असला तरी. आणि एअरबॅगवाल्या नवीन गाड्यांवर हा उद्योग करूच नका, पुढचा धक्का सेन्सरला कसा कळेल याचं गणित कंपनीने स्टॉक बंपर धरून केलेलं असतं.

जिप्सी धरून लिहितोय कारण ती हलकी आहे, रिकामी साधारण एक टन. लोक काय करतात, ५ एमएमच्या शीटचा रणगाडा बनवतात. ५ एमएम शीट म्हणजे एका चौरस मीटरला जवळपास ३९ किलो, त्यात वर पाइपचा पिंजरा आला की पुढचे पाटे (लीफ स्प्रिंग) बसलेच आणि गाडी चिखलात नाक खुपसून चालणार. आपल्याला लागतो १२५ एमएमचा सी चॅनेल (इंग्रजी सी आकाराची लोखंडी पट्टी), मीटरला साधारण १३ किलो. लांबी १.१ मीटर पुरे, दोन्ही टोकं चाकांच्या आत संपली पाहिजेत म्हणजे टायर आधी दगडावर चढतो, बंपर नाही. सगळं धरून २५ किलोच्या आत ठेवा. चॅनेल भंगारातून घेतला तरी चालेल पण आधी वायरब्रश मारून बघा, पापुद्रे सुटत असतील तर राहू द्या तिथेच.

माप घ्यायला फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा आणा. स्टॉक बंपर उतरवा, चॅसिसच्या टोकावर पुठ्ठा दाबून भोकांचे ठसे घ्या आणि दोन्ही बाजूंचे वेगवेगळे घ्या, जुनी गाडी असेल (त्यात लिलावातली आर्मीची असेल तर बघायलाच नको) तर एक बाजू दुसरीसारखी असेलच असं नाही. मग या ठशांवरून ८ एमएमच्या दोन माउंटिंग प्लेटा कापा.

आता खरी गोष्ट. बंपरची ताकद पाइपात नाही, ती या प्लेटा आणि बोल्टात आहे. एम १२ चे (१२ एमएम जाडीचे) ८.८ ग्रेडचे बोल्ट घ्या, डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं ते बघूनच पैसे द्या. चॅसिस बॉक्स आहे, म्हणजे आतून पोकळ चौकोनी, त्यामुळे आरपार बोल्ट टाकून आवळत गेलात की भिंती आत दबतात आणि बोल्ट कधीच नीट टाइट होत नाही, म्हणून आतल्या मापाचा जाड पाइपचा तुकडा मध्ये घालायचा आणि बाहेरून मोठा वायसर. ८० न्यूटन मीटरच्या आसपास आवळा.

गाडी ओढायचे कान २० एमएम प्लेटचे. ते चॅनेलच्या तोंडावर चिकटवू नका, चॅनेलला खाच पाडून कान आरपार मागे न्या आणि थेट माउंटिंग प्लेटला वेल्ड करा, म्हणजे ओढ चॅसिसवर जाते. पाऊण इंची शॅकलची (दोर अडकवायची यू आकाराची कडी) पिन २२ एमएमची असते, भोक २४ चं ड्रिलने पाडा, गॅस कटिंगने नको, आणि कडा घासून गोल करा. सळई वाकवून केलेला हुक लावणारे बघितलेत मी... तो तुटला की गोळीसारखा काचेतून आत येतो, गंमत नाही.

टॅक (जागा धरायला मारलेले वेल्डिंगचे छोटे ठिपके) तेवढे गाडीवर, ते पण बॅटरीचं निगेटिव्ह काढून आणि एमपीएफआय म्हणजे फ्युएल इंजेक्शनवाली गाडी असेल तर ईसीएमचा (इंजिनाचा कॉम्प्युटर) कनेक्टर पण काढून. टॅक झाले की बंपर उतरवा आणि पक्कं वेल्डिंग जमिनीवर करा. जाड प्लेटांना ७०१८ नंबरचा वेल्डिंग रॉड, कोरडा पाहिजे, दमट असेल तर भट्टीत तापवून घ्यायचा. बाकीला ६०१३ चालतो, ३.१५ एमएमचा रॉड ९० ते १३० अँपिअरवर. जाड प्लेटच्या कडेला ग्राइंडरने व्ही पाडा नाहीतर वेल्ड वरवरच बसतो. एका बाजूला सलग ओढत जाऊ नका, डावीकडे थोडं उजवीकडे थोडं असं करा, नाहीतर चॅनेल वाकतो आणि मग भोकं जुळत नाहीत.

विंच (अडकलेली गाडी दोराने ओढायची मोटर) लावायची असेल तर तिची ओढायची ताकद गाडीच्या लोडसकट वजनाच्या दीडपट. जिप्सी १५०० किलो धरली तर २२५० किलो, म्हणजे ५००० पाउंडाची काठावर आणि ६००० ची निवांत. विंच हातात आल्याशिवाय तिच्या ट्रेची भोकं पाडू नका.

बसवल्यावर बॉडी आणि बंपरमध्ये बोटभर फट ठेवा, बॉडी रबरावर असते, ती हलते. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा, एक चाक दगडावर चढवून पाट्याचा शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारी हलती पट्टी, वरची कडी नव्हे) कुठे लागतो का तेही बघा. रेडिएटरसमोर काही येऊ देऊ नका.

रंगाला पावडर कोटिंगचा नाद नको, पहिल्या दगडाला टवका उडतो आणि आत गंज पसरत जातो. रेड ऑक्साइडचे दोन हात, वर काळा मॅट, खरवडलं की ब्रशने परत मारायचा. चॅनेलची दोन्ही टोकं बंद केली असतील तर खाली १० एमएमची दोन भोकं पाणी जायला ठेवा, कोकणात नेणार असाल तर नक्कीच. आणि पहिल्या ट्रेलवरून आलात की अंघोळीच्या आधी पाना घेऊन सगळे बोल्ट परत चेक करा, एखादा पाव फेरा तरी फिरतोच.