पूर्ण भुलीआधी गरोदर पेशंटचा गळा चाचपताना

श्वासनलिकेत ट्यूब गेलीच नाही तर गळ्यावर कुठे कापायचं, ती जागा आधी चाचपून खूण करून ठेवायची. सिझेरियनसाठी पूर्ण भूल ठरली असेल तेव्हा तर हे कराच, पण स्पायनल (पाठीत सुई देऊन फक्त खालचा भाग बधिर करणारी भूल) ठरलं असलं तरी करा. स्पायनल पुरं पडत नाही आणि घाईने पूर्ण भुलीवर यावं लागतं, तेव्हा गळा शोधत बसायला कोणाला वेळ असतो? सक्शन, दुसरा लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं साधन), बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचीक कांडी), लहान मापाच्या ट्यूब, चालू सलाईन, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यावर लिहीत नाही.

मागच्या वेळी माझ्याकडून जे राहिलं ते आधी सांगते: मान मागे घेऊन चाचपा. डोकं उशीवर, मान सरळ, अशा स्थितीत क्रिकोथायरॉइड पडदा (वरची थायरॉइड कूर्चा आणि खालचं क्रिकॉइडचं कडं यांच्यामधला, कापायची जागा तीच) शोधून पेनने खूण केली, तर टेबलावर मान मागे नेल्यावर खूण एका जागी आणि पडदा दुसऱ्या जागी असतो. कातडी सरकते, स्वरयंत्रही जागेवरून हलतं. पडदा उभ्या मापात जेमतेम 1 सेंटीमीटर, तिथे एवढा फरकही फार झाला. म्हणून गळ्यावर सुरी लावायची वेळ आली तर मान ज्या स्थितीत असेल, त्याच स्थितीत चाचपा आणि त्याच स्थितीत खूण करा. खांद्याखाली घडी घाला, हनुवटी वर, मान मागे. ट्यूब टाकताना मान वेगळ्या स्थितीत असेल, ते चालतं. पण ट्यूब जात नाही असं ठरलं की आधी मान मागे, मग खुणेकडे बघायचं. हा क्रम टीममधल्या प्रत्येकाला तोंडी सांगा, नाहीतर खूण असूनही हात चुकीच्या जागी जाईल.

पेशंट जागी असते, पोटाचं ओझं असतं, छातीत जळजळत असतं. तिला सपाट झोपवून मान ताणू नका. डोक्याकडची बाजू उचललेली आणि उजव्या कुशीखाली आधार देऊन डावीकडे सुमारे 15 अंश कल असताना हे जमतं. या कलामुळे डोकंही वळतं आणि मधली रेघ चुकते, म्हणून हनुवटीचं टोक आणि छातीच्या हाडावरची खाच एका रेषेत आहेत ना, ते बघून घ्या. आधी सांगा, ‘ताई, गळ्याला हात लावतेय, गिळू नका, दुखलं तर हात वर करा.’ न सांगता गळ्यावर हात आला की कोणीही दचकतं आणि मान आखडते.

कंठमणी दिसेल या भरवशावर राहू नका. पुरुषांत थायरॉइड कूर्चेच्या दोन पाती साधारण 90 अंशांत मिळतात, बायकांत 120 च्या आसपास, त्यामुळे टोक पुढे येत नाही. त्यात गरोदरपणातली सूज आणि चरबी. नेहमीची चूक अशी की हायॉइड हाडालाच (थायरॉइड कूर्चेच्या वरचं हाड) थायरॉइड समजलं जातं आणि त्याखालची मऊ जागा पडदा म्हणून धरली जाते. लठ्ठ गरोदर बायकांत तर अनुभवी हातही बऱ्याचदा चुकतात. तेव्हा एका बोटाने टोचत बसू नका, सगळा हात वापरा. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी हायॉइडच्या दोन बाजूंना, ते डावी-उजवीकडे हलवून बघा. तसंच खाली सरकत थायरॉइडच्या पाती पकडा. मग अंगठा आणि मधलं बोट क्रिकॉइडच्या कड्यावर आणि तर्जनी मध्ये. पडद्यावर बोट किंचित आत बसतं, वर आणि खाली कडक कडा लागते. खात्री नसेल तर खालून या: खाचेपासून श्वासनलिकेची कडी मोजत वर, पहिलं जाड रुंद कडं म्हणजे क्रिकॉइड. वरून आणि खालून येऊन एकच जागा मिळाली तरच खूण करा, आणि ती पडद्याच्या खालच्या अर्ध्यात, कारण आडवी धमनी बहुधा वरच्या भागातून जाते. स्पिरिटने पुसली जाणार नाही असं पेन घ्या.

तरीही हाताला लागत नसेल तर अल्ट्रासाउंड लावा. पण आत्ता, निवांत असताना; ऑक्सिजन घसरायला लागल्यावर नाही. प्रोब ठेवतानाही मान मागेच.

पोटातलं घशात येऊ नये म्हणून क्रिकॉइड दाबणाऱ्या सहाय्यकाचं बोट तुम्ही स्वतः जागेवर ठेवून द्या. थायरॉइड दाबलं गेलं तर अन्ननलिका बंद होत नाही आणि समोरचं दृश्य बिघडतं ते वेगळंच. जागेपणी 10 न्यूटन, शुद्ध गेल्यावर 30.

सकाळची तपासणी दुपारी धरू नका. कळा चालू असताना, जोर लावल्यावर आणि प्रीएक्लॅम्प्सियात (गरोदरपणातला रक्तदाब वाढण्याचा आजार) घशाची नि गळ्याची सूज काही तासांत वाढते. भुलीच्या आधी पुन्हा तोंड उघडून बघा, पुन्हा चाचपा. मान मागे घेऊन.

एवढा आग्रह का, तर प्रसूतीच्या पूर्ण भुलीत साधारण 390 मागे एकदा ट्यूब जात नाही. फुप्फुसातला साठा सुमारे 20 टक्क्यांनी घटलेला, ऑक्सिजनचा खप वाढलेला, त्यामुळे हातात वेळ थोडा.

बाकीचं थोडक्यात. 10 नंबरचं पातं, बूजी, 6 ची कफवाली ट्यूब एका ट्रेमध्ये, उघडायला तयार. उजव्या हाताचे असाल तर कापताना पेशंटच्या डाव्या बाजूला उभे राहा, तिथे जागा मोकळी ठेवा. पडदा अजिबात लागलाच नाही तर मधोमध 8 ते 10 सेंटीमीटरचा उभा छेद, हे आधीच बोलून ठेवा. मास्कने ऑक्सिजन नीट भरा. ट्यूब काढतानाही घोळ होतो, म्हणून पेशंट पूर्ण जागी होऊन श्वास नीट चालू होईपर्यंत खूण पुसू नका.