गोल्फ कोर्सवरच्या ओढ्याचा काठ खचतोय? या चुका टाळा

नवी मुंबईतल्या खारघरच्या डोंगरात मुसळधार कोसळला की खालचे ओढे बघता बघता दुथडी भरतात. तिथला पांडवकडा धबधबाच १०० मीटरहून उंच. उतार तीव्र, अंतर थोडं, त्यामुळे पाणी सपाटीवर येतं ते जोरातच.

सगळ्यांत महाग पडणारी चूक म्हणजे बूड सोडून वरचा काठ दुरुस्त करणं. पूर आधी काठाचं बूड कोरतो, त्यातही वळणाच्या बाहेरच्या अंगाचं. एका पावसाळ्याआधी मी नुसती माती भरून वर हरळी अंथरली होती. पहिल्याच मोठ्या पुरात सगळं वाहून गेलं. बुडाशी मोठे दगड हवेत, आणि पाणी जिथवर तळ खरवडतं त्याच्याही खाली गाडलेले. दगडांमागे जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, घालाच. नाहीतर दगड जागेवर राहतात आणि फटींतून मागची माती निघून जाते.

काठ बऱ्याचदा पूर ओसरताना कोसळतो, हे अनेकांना पटत नाही. भरलेला ओढा काठाला टेकू देत असतो. पाणी झपाट्याने उतरतं, माती मात्र आतून भिजून जड झालेली असते. म्हणूनच निचऱ्याची भोकं नसलेली उभी काँक्रीट भिंत नको, मागे साठलेलं पाणीच तिला ढकलतं. जागा असेल तिथे काठ १:२ उताराने, म्हणजे एक फूट उंचीला दोन फूट आडवं असा, मागे घ्या. फेअरवेची (खेळायच्या कापलेल्या हिरवळीची) थोडी जागा गेली तरी चालेल.

काठापर्यंत गवत कापायचं मशीन फिरवू नका. सतत बारीक कापलेल्या हरळीची मुळं वरवरच राहतात. निदान ३ मीटरचा पट्टा सोडा. तिथे वाळा आणि निरगुडी, पाण्यालगत शेरणी आणि वाळुंज ही झाडं-झुडपं लावा. लावणीसाठी मृगाची वाट बघायची गरज नाही. स्प्रिंकलर हाताशी आहेत, तर वाळा फेब्रुवारीतच लावा, म्हणजे पावसाआधी मुळं धरतील. उघड्या मातीवर काथ्याची जाळी खुंट्या ठोकून ताणून बसवा.

कार्टच्या पुलाखालचे पाइप फांद्या-प्लास्टिकने तुंबले की पाणी बाजूने काठ फोडतं. पावसाळ्यात ते दर आठवड्याला बघा.

खाडीकडच्या टोकाला कांदळवन असेल तर ते तोडून भिंत बांधायचा विचारही करू नका. ते कायद्याने संरक्षित आहे आणि काठ धरून ठेवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

पूर गेल्यावर काठाने चालत जा. काठाला समांतर भेग दिसली तर तिथे लगेच दोरी बांधा. मोवर आणि खेळाडू, दोघांनाही त्या बाजूला जाऊ देऊ नका.